युद्धकाळातली परसातली खुराडी

जून १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये अंडी रेशनवर आली. माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं, तेही मिळालं तर! मग घरोघरी परसात, भाजीच्या वाफ्यांशेजारी खुराडी उभी राहिली.

सरकारची अट सरळ होती: रेशनची अंडी सोडा आणि बदल्यात कोंबड्यांचं पूरक खाद्य घ्या. बटाट्याची सालं, कोबीची पानं शिजवून कुस्करायची, त्यात ते कोरडं खाद्य कालवायचं, की कोंबड्यांचं जेवण तयार.

हिवाळ्यात अंडी आटत. म्हणून वसंतातली जास्तीची अंडी सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून महिनोन्महिने टिकवत. खुराडं नसलेल्यांची भिस्त अमेरिकेहून येणाऱ्या अंड्यांच्या भुकटीवर असे. अंड्यांवरचं रेशन उठलं ते थेट मार्च १९५३ मध्ये.