खार, खाजण आणि बांधाचा कर्ता

कोकणपट्टीतील खाड्यांच्या काठाने जी भातशेती दिसते, तिचा मोठा भाग निसर्गदत्त नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल बांध घालून अडवावी, पावसाने तिच्यातील क्षार धुऊन निघावा आणि मग तीत खारटपणा सोसणारे भात पेरावे, अशा क्रमाने ती घडली आहे. रायगड जिल्ह्यात या भूमीला खार किंवा खारेपाट म्हणतात. गोव्यातील कोकणीत ती खाजन, तर मराठीत खाजण. बांधातील पाण्याच्या दाराला रायगडात उघाडी, तर गोव्यात मानस हे नाव आहे. भरतीच्या दाबाने हे दार मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. यंत्रणा एकच, शब्द भिन्न. प्रस्तुत निबंधातील प्रश्न मात्र शब्दांचा नसून वाक्याचा आहे. ‘समुद्र हटवून शेत केले’ या विधानाचा कर्ता कोण, आणि लेखी परंपरेने ते स्थान कोणाला दिले?

या संदर्भातील एक अतिशय जुना पुरावा गोव्यातील बांदोडे येथील ताम्रपटाचा आहे. सुमारे 6 व्या शतकातील अनिर्जितवर्मन् या राजाने ‘खज्जन’ जमीन दान दिल्याचे त्यात नमूद आहे. जंगल तोडून आणि समुद्राचे पाणी रोखणारा बांध घालून ती लागवडीस आणावयाची होती. दाता आणि प्रतिग्रहीता यांची नावे ताम्रपटाने जपली. बांधावर माती टाकणाऱ्यांची जपली नाहीत. पुढे 1526 मध्ये अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रूढींची सनद, म्हणजे ‘फोराल’, तयार केली. तिच्या आरंभी एक उत्पत्तिकथा येते. चार माणसे एका ओसाड बेटावर गेली, त्यांनी ते कसून राहण्याजोगे केले आणि त्यांचेच वंशज गांवकार ठरले. परकीय सत्तेच्या महसुली दस्तऐवजात स्थानिक समाजाची आदिकथा अशी सुरक्षित राहिली, ही बाब तौलनिक अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

युरोपीय साहित्यातील समांतर कृतींशी तुलना केल्यास या कथेचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. ग्योटेच्या ‘फाउस्ट’चा दुसरा भाग 1832 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अखेरच्या अंकात नायक समुद्रापासून भूमी हस्तगत करू पाहतो. अंध झालेल्या फाउस्टला खोदकामाचा आवाज ऐकू येतो. आपले मजूर चर खणीत आहेत असे त्याला वाटते, प्रत्यक्षात त्याचीच कबर खणली जात असते. थिओडोर श्टोर्मच्या 1888 मधील ‘डेर शिमेलरायटर’ या दीर्घकथेतही नव्या बांधामागे एका माणसाची जिद्द आहे, आणि गाव त्याच्याकडे संशयाने पाहते. दोन्हींत कर्ता एकवचनी आहे. फोरालच्या कथेतील कर्ता अनेकवचनी आहे.

तथापि या अनेकवचनाने भारावून जाणे योग्य ठरणार नाही. गांवकरी संस्थेने बांधांची निगा सामूहिकपणे राखली हे खरे. परंतु उत्पन्नातील ‘जोण’ हा वाटा गांवकारांच्या पुरुष वंशजांकडेच जाई. स्त्रिया, कुळे आणि मुंडकार यांना त्या ‘आम्ही’मध्ये स्थान नव्हते. उत्तर कोकणात कर्तेपण आणखी संकोचले. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये ‘शिलोत्री’ पद्धतीची नोंद आहे. भांडवल बाळगणाऱ्यांनी बांध घालावेत आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून दरवर्षी ठराविक भात घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. येथे भांडवल हेच कर्ता झाले. खोतीत जमीन खोताच्या नावे आणि चिखलातले श्रम कुळाच्या वाट्याला, ही विभागणी पक्की झाली.

या व्याकरणाला पहिला जाहीर छेद दिला तो अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे 25 गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. 1939 पर्यंत शेते ओस राहिली. मासळी आणि लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले. समुद्राकडून मिळवलेली भूमी ज्यांच्या हातांनी पिकत होती ते हात थांबले, तेव्हाच त्यांचे कर्तेपण दृग्गोचर झाले. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी पाटील यांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले. आजवर इतरांच्या दस्तऐवजांत ‘कुळ’ म्हणून नोंदला गेलेला माणूस आता स्वतःविषयी छापील मराठीत बोलू लागला. वाङ्मयेतिहासाने या घटनेची पुरेशी दखल घेतलेली नाही.

कायद्याने खोती गेली. परंतु 1948 आणि 1979 च्या खारभूमीविषयक कायद्यांनी बांधांची सूत्रे मुख्यतः शासनयंत्रणेकडे आली, आणि सामूहिक श्रमांची ‘जोळ’ पद्धत क्षीण होत गेली. गोव्यातही 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चे नियम यांमुळे बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे सरकली. परिणाम बांधावरच दिसतो. उधाणाच्या भरतीत त्याला खांड पडते. ती वेळेत बुजवली नाही, तर खारे पाणी शेतात मुरते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. कांदळवनाचे संरक्षण आवश्यकच आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निर्णयात त्याच्या तोडीवर कडक निर्बंध घातले. मात्र एका खांडीमुळे शेत गमावलेल्या कुटुंबाला त्यामुळे पूर्वीच्या जमिनीकडे परतणे दुष्कर होते. हक्क मिळाला तेव्हा बांध कोणी राखायचा हा प्रश्न अनुत्तरित राहिला, हे या इतिहासातील कटू सत्य होय.

ताम्रपट, फोराल, गॅझेटिअर आणि ‘कृषीवल’चे अंक यांना आपण संस्कृत, पोर्तुगीज, इंग्रजी व मराठी अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. वस्तुतः एकाच मातीच्या बांधाविषयीचे हे चार भाषांतील लेखन आहे. ते एकत्र वाचले, तर समुद्र एकदाच हटत नाही, त्याला रोज दोनदा हटवावे लागते, हे ध्यानात येते. तो हटवणाऱ्यांची नावे कोणत्या भाषेने किती राखली, याचा शोध तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेतच येतो.