हेन्री मॉर्गेन्थाऊ : आर्मेनियनांच्या संहाराची खबर देणारे राजदूत

हेन्री मॉर्गेन्थाऊ (१८५६–१९४६) हे ऑटोमन तुर्की साम्राज्यातील अमेरिकेचे राजदूत होते (१९१३–१६). जन्म जर्मनीतील मानहाइम येथे. न्यूयॉर्कमध्ये ते वकिली आणि जमिनींचे व्यवहार करत. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या निवडणूक प्रचाराला मदत केल्यानंतर त्यांची ही नेमणूक झाली.

१९१५ मध्ये ठिकठिकाणच्या अमेरिकन वाणिज्यदूतांकडून आर्मेनियनांच्या हद्दपारीचे आणि कत्तलींचे अहवाल येऊ लागले. मॉर्गेन्थाऊ यांनी गृहमंत्री तलात यांच्याकडे निषेध नोंदवला. १६ जुलैला त्यांनी वॉशिंग्टनला तार केली : हा एका वंशाचाच संहार आहे. अमेरिका तेव्हा युद्धात तटस्थ होती. तिने हस्तक्षेप केला नाही. मात्र त्यांच्या आवाहनावरून अमेरिकेत मदतनिधी उभा राहिला. १९१६ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांचे अहवाल आज या नरसंहाराचा महत्त्वाचा समकालीन पुरावा मानले जातात.