ऑपरेटिंग सिस्टीमचे अद्ययावतीकरण आणि बंद पडणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर : विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ (२००४) च्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासलेखनात नव्या शोधांना जितके स्थान मिळते तितके जुने सॉफ्टवेअर बंद पडण्याच्या घटनांना मिळत नाही. वस्तुतः कार्यालयातील संगणकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या बंद पडण्याचा आणि काम पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चाललेली हिशेबाची आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत होताच चालेनाशी होते. अशा वेळी दोष आज्ञावलीचा, ऑपरेटिंग सिस्टीमचा की वापरणाऱ्याचा, असा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपीसाठी ऑगस्ट २००४ मध्ये आणलेल्या ‘सर्व्हिस पॅक २’ या अद्ययावतीकरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

जुनी आज्ञावली नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाललीच पाहिजे, या आग्रहावर विंडोजचा प्रसार उभा राहिला. १९९५ मधील विंडोज ९५ च्या वेळचे उदाहरण जोएल स्पोल्स्की यांनी २००४ मध्ये नोंदविले आहे. ‘सिमसिटी’ हा लोकप्रिय खेळ एकदा मोकळी करून दिलेली मेमरी पुन्हा वापरीत असे. आधीच्या प्रणालीवर ही चूक खपून जाई. नव्या प्रणालीवर ती खपणारी नव्हती. विंडोज ९५ घडविणाऱ्यांनी खेळातील चूक दाखवून देण्याऐवजी ‘सिमसिटी’ चालू आहे काय, हे ओळखण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्येच केली आणि त्याच्यापुरती मेमरीच्या वाटपाची रीत बदलली. ग्राहकाच्या दृष्टीने हे औदार्यच होते. मात्र अशा औदार्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपल्या चुकीची किंमत मोजावी लागत नसे, हेही तितकेच खरे.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीने विंडोज ९५-९८ ची शाखा आणि विंडोज एनटीची शाखा एकत्र आणली. एनटी शाखेत वापरकर्त्यांचे अधिकार वेगवेगळे ठेवण्याची व्यवस्था होती. परंतु एक्सपी बसविताना तयार होणारी खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या पूर्ण अधिकाराची असत. त्यामुळे असंख्य आज्ञावल्या हा अधिकार गृहीत धरून लिहिल्या गेल्या. आपली माहिती त्या बेधडक ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये साठवीत.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ या पोर्टवाटे पसरला. त्याने सुमारे ७५,००० संगणक बाधित केले आणि त्यांपैकी बहुसंख्य पहिल्या दहा मिनिटांतच. त्यावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. ती अनेकांनी का बसविली नाही? एक कारण असे की, एसक्यूएल सर्व्हरची ‘एमएसडीई’ ही छोटी आवृत्ती इतर कंपन्यांच्या आज्ञावल्यांसोबत बसविली जाई. आपल्याकडे असा काही डेटाबेस आहे हेच मालकाला ठाऊक नसे. दुसरे कारण भीतीचे होते. दुरुस्ती बसविली आणि चालू काम बंद पडले तर? ही भीती अनाठायी नव्हती, आणि तिचे समाधान करणारे उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला, तेव्हाही त्यावरील दुरुस्ती महिन्याभरापूर्वीच आलेली होती.

सर्व्हिस पॅक २ आणि कार्यालयीन व्यवहार :

या हल्ल्यांचे उत्तर म्हणून सर्व्हिस पॅक २ ने विंडोज फायरवॉल आपोआप सुरू केली. दूरस्थ संगणकाकडून येणाऱ्या निनावी आरपीसी विनंत्या रोखल्या आणि इंटरनेट एक्सप्लोररमधील अ‍ॅक्टिव्ह-एक्स घटकांवर निर्बंध घातले. सुरक्षेच्या दृष्टीने यांतील प्रत्येक पाऊल योग्य होते. व्यावसायिक सॉफ्टवेअरचे बरेचसे कामकाज मात्र नेमके याच मोकळ्या दारांतून चालत होते.

लहान कार्यालयांत स्वतंत्र सर्व्हर परवडत नसल्याने एखादा साधा एक्सपी संगणकच सर्व्हरचे काम करी. बाकीचे संगणक टीसीपी १४३३ या पोर्टवाटे त्यावरील डेटाबेसशी जोडलेले असत. सर्व्हिस पॅक बसताच सर्व्हरच्या संगणकावर आज्ञावली चाले, पण शेजारच्या टेबलावर ‘सर्व्हर सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. त्यात फायरवॉलचा उल्लेखही नसे. एरवी एखादी आज्ञावली बाहेरून जोडणी स्वीकारू लागली की, फायरवॉल परवानगी विचारणारी चौकट दाखवी. डेटाबेस मात्र पडद्यामागील ‘सर्व्हिस’ म्हणून चाले, आणि सर्व्हिससाठी ही चौकट येत नसे. त्यामुळे अडवणूक निःशब्द होती. तंत्रज्ञ केबल तपासी, आज्ञावली काढून पुन्हा बसवी. दोष मात्र तिथे नसेच.

यावरील रास्त उपाय म्हणजे फायरवॉलच्या अपवादांच्या यादीत डेटाबेसचे किंवा त्याच्या पोर्टचे नाव घालणे आणि तो अपवाद कार्यालयातील जाळ्यापुरता मर्यादित ठेवणे. सोपा उपाय म्हणजे फायरवॉलच बंद करणे. घाईच्या वेळी दुसराच उपाय हाताशी येई आणि ज्या हल्ल्यांसाठी एवढा खटाटोप झाला, त्यांना दार पुन्हा मोकळे होई. स्लॅमरने ज्या डेटाबेसला लक्ष्य केले त्याच डेटाबेसवर व्यवहारही चालत होता, ही या प्रकरणातील खरी अडचण होय.

मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅकनंतर ‘बंद पडल्यासारख्या वाटणाऱ्या’ सुमारे ५० आज्ञावल्यांची यादी प्रसिद्ध केली. ‘वाटणाऱ्या’ हा शब्द लक्षणीय आहे. कंपनीच्या लेखी त्या बंद पडल्या नव्हत्या, फक्त अडविल्या गेल्या होत्या. बिल न निघालेल्या दुकानदाराला या भेदाचा उपयोग नव्हता. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीनेही ऑगस्ट २००४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना हे अद्ययावतीकरण तूर्त बसवू नये असे कळविले. मोठ्या संस्थांसाठी ते स्वयंचलितपणे येऊ न देण्याची सोय करण्यात आली. तिची मुदत प्रथम १२० दिवस होती, ती २४० दिवस करण्यात येऊन १२ एप्रिल २००५ रोजी संपली. चाचणी घेण्यासाठी ज्यांच्यापाशी माणसे होती, त्यांना हा अवधी उपयोगी पडला. ज्यांचा संगणक विभाग म्हणजे फोन केल्यावर येणारा एक तंत्रज्ञ, त्यांच्या संगणकावर अद्ययावतीकरण आधी आले आणि अडचण नंतर समजली. इतरांच्या निष्काळजीपणाची भरपाई प्रथम त्यांनी केली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पुढील काळ :

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अधिकाराच्या सवयीला हात घातला. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांना ती नकार देत नसे, त्यांची माहिती प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ या वेगळ्या फोल्डरमध्ये गुपचूप वळवी. परिणामी एकाच संगणकावर दोघांनी आपापल्या खात्यातून तीच आज्ञावली उघडली तर दोघांना वेगवेगळे हिशेब दिसण्याचा संभव निर्माण झाला. आज्ञावली बंद पडण्यापेक्षा हा प्रकार अधिक धोक्याचा होता, कारण चूक झाल्याचे कळतच नसे.

२००९ मधील विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांत ‘एक्सपी मोड’ची सोय आली, म्हणजे नव्या घरात जुने घर जसेच्या तसे मांडून देणे. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपल्यावर ते जुने घरही असुरक्षित ठरले.

भारतात डॉसवरील फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या बिलांच्या व पगारपत्रकांच्या आज्ञावल्या दीर्घकाळ वापरात होत्या. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली चालत नाही, आणि २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्त्यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डॉसचा आभास निर्माण करणारी साधने उपलब्ध आहेत. पण त्यांतील प्रसिद्ध ‘डॉसबॉक्स’ मुळात खेळांसाठी घडविलेले असल्याने छपाईपाशी अडते. मूळ आज्ञावली लिहिणारा सापडत नसेल, तर जुना संगणक जाळ्यापासून तोडून, अद्ययावतीकरण त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही अशा बेताने, मागील वर्षांचे हिशेब पाहण्यापुरता चालू ठेवणे हा एक मार्ग उरतो.