डावं-उजवं

परवा आत्याकडे कपाट आवरायला गेले होते. वरच्या खणात, साड्यांच्या मागे, एक पुठ्ठ्याचा खोका सापडला. "जपून गं, माझी डावी बाजू आहे ती!" आत्या पलंगावरूनच ओरडली आणि दोघी हसत सुटलो. आत तिचा जुना, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन होता. आता नवा घेतलाय, पण हा काही तिला टाकवत नाही.

ऑपरेशनला बारा वर्षं झाली. सुरुवातीचे महिने अजून आठवतात. डावा हात खांद्याच्या वर जात नसे. पोलकं घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना बरोबर उलट, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. हुक मी लावायचे, पदराला पिन मी लावायचे. आणि रिकाम्या बाजूला घडी घातलेला रुमाल, तोही मीच. एका मुंजीत आत्या पंगतीत वाढायला वाकली आणि तो रुमाल सरकत पार गळ्याशी आला. ती काही बोलली नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली.

ह्या रुमालाच्या जागी आलेल्या वस्तूचा इतिहास तेव्हापासून जमेल तसा वाचत आले आहे. आज तोच लिहिते.

सुरुवात करावी लागते ती अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड ह्या सर्जनपासून. 1882 साली त्याने स्तनाच्या कर्करोगावर एक मोठी शस्त्रक्रिया केली आणि 1894 मध्ये तिचे निष्कर्ष छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. जितकं जास्त कापू तितका रोग दूर, हा त्यामागचा विश्वास. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तीच पद्धत प्रमाण मानली गेली. बायका वाचल्या, पण अनेकींचा हात सुजायचा, खांदा आखडायचा. कपडे घालणं, केस विंचरणं हीच एक लढाई होऊन बसायची. आणि त्याबद्दल बोलायचं कुणाशी?

न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर ह्यांची हीच शस्त्रक्रिया 1952 साली झाली. घरी जाऊन काय करायचं, हात कसा हलवायचा, कपड्यांच्या आत काय घालायचं, हे सांगणारं कुणीच नव्हतं. मग त्या स्वतःच इतर रुग्ण बायकांना भेटायला जाऊ लागल्या. सोबत रबरी चेंडू, एक दोरी आणि तात्पुरता कृत्रिम स्तन. दोरी दारावरून टाकून हात वर खेचायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. डॉक्टरांची परवानगी न घेता येतात म्हणून काही हॉस्पिटलांनी त्यांना बंदीही घातली होती म्हणे. पण 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचं 'रीच टू रिकव्हरी' हे काम आपल्या छत्राखाली घेतलं.

पुढचं नाव वाचून मी चकित झाले होते. रूथ हँडलर. बार्बी बाहुलीची जन्मदात्री! 1959 साली बार्बी बाजारात आली, आणि 1970 मध्ये रूथबाईंचा एक स्तन काढावा लागला. तेव्हा मिळणारे कृत्रिम स्तन म्हणजे बेढब गोळे. त्यात डावं-उजवं काही नाहीच, एकच आकार कुठल्याही बाजूला. आपल्याकडे वाढताना डावं-उजवं करू नये म्हणतात. इथे नेमकं तेच करायला हवं होतं आणि कुणाला सुचलं नव्हतं! चपलासुद्धा डावी-उजवी वेगळी असते.

पेटन मॅसी नावाच्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी 'निअरली मी' तयार केला. डावा वेगळा, उजवा वेगळा, मापं ब्रेसियरप्रमाणे. दुकानांत तो बसवून द्यायला ज्या बायका नेमल्या, त्यातल्या बहुतेक स्वतः ह्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या. राष्ट्राध्यक्षांची पत्नी बेटी फोर्ड हिची शस्त्रक्रिया सप्टेंबर 1974 मध्ये झाली आणि तिने ती लपवली नाही. तिलाही पुढे रूथबाईंनीच हा स्तन बसवून दिला. रूथबाई काही संत नव्हत्या. त्यांच्या खेळण्यांच्या कंपनीतल्या खोट्या हिशेबांवरून 1978 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि शिक्षाही. माणसं अशीच असतात, डावी-उजवी दोन्ही.

पण ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचा स्तन 1978 मध्ये काढला. कृत्रिम काही लावायला तिने साफ नकार दिला. तपासणीला तशीच गेली तर नर्स म्हणाली, असं येऊ नका, इथल्या बाकीच्यांचं मनोधैर्य खचतं. 1980 च्या पुस्तकात ऑड्रीने विचारलं, की मोशे दायान एका डोळ्यावर पट्टी बांधून फिरतो, त्याला कुणी काचेचा डोळा लावायला सांगतं का?

हे वाचलं तेव्हा मी अडखळले. आत्याला मी रुमाल लावून देत होते, तो नक्की कुणासाठी? तिच्यासाठी, की मुंजीतल्या पाहुण्यांसाठी?

दरम्यान शस्त्रक्रियाही बदलली. बर्नार्ड फिशर ह्यांच्या चाचण्यांनी दाखवून दिलं की जास्त कापल्याने जास्त बायका वाचत नाहीत. 1985 च्या निष्कर्षांनंतर तर लवकर सापडलेल्या अनेक गाठींसाठी पूर्ण स्तन काढायची गरजच उरली नाही. सिलिकॉन महाग पडतं, म्हणून लोकरी-सुताचे हलके स्तन विणून फुकट वाटणाऱ्या बायका अमेरिकेत 2011 पासून आहेत, आणि आता आपल्या मुंबईतही आहेत.

खोका परत ठेवताना मी आत्याला विचारलंच, "हे सगळं तू कुणासाठी घालतेस गं?"

"घरात कुठे घालते मी?" ती म्हणाली. "बाजारात जाताना घालते. कधी कंटाळा आला तर तशीच जाते. पण तुला आठवतं? पहिल्यांदा तो आणला, आतल्या कप्प्यात सरकवला, हुक माझे मी लावले. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी खोलीला आतून कडी लावली होती."

मला आठवत होतं. मी बाहेर उभी होते, आणि तिने मला हाक मारली नव्हती.