एक पेटी की सुटे भाग?

शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले, दरपत्रके मागवली, की दोन प्रकारची यंत्रे समोर येतात. एका प्रकारात सगळी यंत्रणा पडद्याच्या मागेच बसवलेली असते. विजेची एक वायर जोडली की काम सुरू. बाजारात याला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पडदा वेगळा, कॅबिनेट वेगळे आणि टेबलामागे वायरींचे जंजाळ. मुख्याध्यापकांना बहुधा पहिला प्रकार आवडतो, कारण खोली नीटनेटकी दिसते. दुरुस्ती करणाऱ्याला दुसरा आवडतो, कारण तो त्याला उघडता येतो. मग घ्यायचा कोणता?

हा प्रश्न आजचा वाटला तरी तो वैयक्तिक संगणकाइतकाच जुना आहे. त्या काळी दोन्ही बाजूंनी जी कारणे दिली गेली, त्यांतली बरीचशी आजही लागू पडतात. म्हणून उत्तराकडे वळण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

एकाच वर्षी तीन उत्तरे

१९७७ साली अमेरिकेत तीन तयार संगणक बाजारात आले. त्याआधी हौशी माणसे सुटे भाग आणून घरी संगणक जोडत असत. हे तिन्ही मात्र दुकानातून आणून लगेच वापरता येण्याजोगे होते. गंमत अशी, की ‘पेटीत काय काय ठेवायचे?’ या प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

कमोडोर कंपनीच्या ‘पेट’ या संगणकात पडदा, कळफलक आणि माहिती साठवणारा कॅसेट रेकॉर्डर असे सगळे एकाच पत्र्याच्या पेटीत होते. पेटी तयार करणाऱ्या कंपनीचा कचेरीतले लोखंडी सामान बनवण्याचाही व्यवसाय होता, त्यामुळे पत्र्याचे काम तिला सोपे होते. आजच्या भाषेत हा ‘ऑल-इन-वन’च. पण त्याचे झाकण मोटारीच्या बॉनेटसारखे वर उचलता येई आणि ते टेकवून ठेवायला आत एक दांडीही होती. म्हणजे यंत्र एकसंध असले तरी बंदिस्त नव्हते. हा फरक लक्षात ठेवू, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दुसरा संगणक टॅंडी कंपनीचा टीआरएस-८०. यात संगणक कळफलकाच्या आत होता, पडदा व कॅसेट रेकॉर्डर वेगळे. पडदा आणि रेकॉर्डर धरून किंमत ५९९ डॉलर. जास्त स्मृती हवी असेल तर आणखी एक पेटी वायरने जोडावी लागे. या वायरींनीच पुढे घोटाळा केला. वेगाने बदलणारा विद्युतप्रवाह वाहणारी तार अँटेनासारखी वागते आणि आसपासच्या रेडिओ-टीव्हीत खरखर आणते. अमेरिकेत अशा लहरींवर मर्यादा घालणारे नियम आले आणि १९८१ च्या सुरुवातीपासून हे जुने मॉडेल तिथे विकता येईना. त्याची जागा १९८० साली आलेल्या ‘मॉडेल ३’ने घेतली आणि त्यात सगळे भाग एकाच पेटीत होते! एका पेटीमागे केवळ देखणेपणा असतो असे नाही, पदार्थविज्ञानही असू शकते, हे यावरून दिसते.

आठ खाचा

तिसरा संगणक ॲपल-२. याची किंमत सर्वांत जास्त, १२९८ डॉलर, आणि त्यात पडदाही मिळत नसे. पण त्याचे झाकण हाताने, कोणत्याही हत्याराशिवाय निघे. आत मुख्य मंडलावर ओळीने आठ खाचा होत्या. प्रत्येक खाचेत एक जास्तीचे मंडल, म्हणजे कार्ड, बसवता येई.

या आठ खाचांवरून कंपनीच्या दोन संस्थापकांत वाद झाला होता. स्टीव्ह जॉब्स यांचे म्हणणे, दोन पुरेत, एक छापयंत्रासाठी आणि एक टेलिफोन लाइनवरून माहिती पाठवणाऱ्या मोडेमसाठी. सामान्य माणूस आणखी काय जोडणार? यंत्राचा आराखडा करणारे स्टीव्ह वॉझ्निअॅक मात्र आठांवर ठाम राहिले. लोक काय जोडतील हे आपल्याला आज ठाऊक नाही, पण काही ना काही जोडतील, असा त्यांचा विचार होता.

झाले तसेच. १९७८ साली फ्लॉपी डिस्क चालवणारे कार्ड आले आणि कॅसेटची कटकट गेली. १९८० साली मायक्रोसॉफ्टने चक्क दुसरा प्रोसेसर असलेले कार्ड काढले. ते बसवले की ॲपल-२ वर मुळात त्याच्यासाठी न लिहिलेल्या आज्ञावली चालू लागत. ॲपल-२ च्या घराण्यातले संगणक १९९३ पर्यंत तयार होत होते. सोळा वर्षे म्हणजे संगणकाच्या जगात काही पिढ्याच. अमेरिकेतल्या शाळांत तर ते फार पसरले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तोही याच वाटेने. पेटीत पाच खाचा होत्या, पडदा वेगळा. शिवाय कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत मंडलांचे आराखडे छापून टाकले. त्यामुळे इतरांना त्यात बसणारे भाग बनवता आले आणि नंतर सबंध संगणकाचीच नक्कल करता आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून संगणक जुळवून देणारी दुकाने पुढे उभी राहिली, त्यांचे मूळ या उघड्या रचनेत आहे.

‘आत काही पाहण्यासारखे नाही’

मग बंद पेटीचा पुरस्कार कुणी आणि का केला? ॲपलमध्येच जेफ रास्किन यांनी १९७९ साली मॅकिंतॉश प्रकल्प सुरू केला. त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. खाचा असल्या की प्रत्येकाचा संगणक वेगळा होतो. मग आज्ञावली लिहिणाऱ्याला समोर नेमके काय आहे हे कळत नाही, आणि वापरणाऱ्याला आपली आज्ञावली का चालत नाही हे कळत नाही. सगळी यंत्रे तंतोतंत सारखी असतील, तरच संगणक मिक्सर किंवा टोस्टरसारखा घरगुती होईल.

वर्गात तीस मुलांना एकच कृती शिकवणाऱ्या शिक्षकाला हा मुद्दा लगेच पटेल. एकाच्या पडद्यावर एक आणि दुसऱ्याच्या पडद्यावर दुसरेच दिसू लागले, की तास तिथेच संपतो.

प्रकल्प पुढे जॉब्स यांच्याकडे गेला आणि २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंतॉश जाहीर झाला. नऊ इंची पडदा, फ्लॉपी आणि संगणक एकाच उभ्या पेटीत. किंमत २४९५ डॉलर, स्मृती १२८ किलोबाइट, खाच एकही नाही. पेटीचे स्क्रू वेगळ्याच घडणीचे होते आणि त्यांतले काही वरच्या मुठीत खोलवर बसवलेले. लांब दांड्याच्या खास स्क्रू-ड्रायव्हरशिवाय ती उघडत नसे.

यामागे सुरक्षेचेही कारण होते. तेव्हाचा पडदा म्हणजे काचेची निर्वात नळी. तिच्यात इलेक्ट्रॉनना वेग देण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. नळीच्या काचेला आतून आणि बाहेरून विद्युतवाहक लेप असतो. दोन वाहकांच्या मध्ये काच, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला विद्युतधारकच झाला. यंत्र बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो. पडदा आणि संगणक एकाच पेटीत घातले, की स्मृतीची चिप बदलायला जाणाऱ्याचा हातही या धोक्याजवळ जातो. वेगळ्या पेट्यांत हा प्रश्न येत नाही.

पण १२८ किलोबाइट अपुरे पडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीला चौपट स्मृतीचे मॉडेल काढावे लागले. यंत्रात पंखाही नव्हता. गरम हवा वरच्या फटींतून आपोआप निघून जावी अशी रचना होती. १९८७ साली आलेल्या मॅकिंतॉश एसईमध्ये पंखा आला आणि एक खाचही आली. त्याच वेळी निघालेल्या मॅकिंतॉश-२ ला तर सहा खाचा होत्या आणि पडदा वेगळा होता. ज्या कंपनीने पेटी बंद केली, तिनेच तीन वर्षांत ती पुन्हा उघडली.

आपल्या शाळांतला पाहुणा

भारतातल्या शाळांची संगणकाशी पहिली मोठी भेट १९८४-८५ मध्ये झाली. ‘क्लास’ या नावाने केंद्र सरकारने सुमारे २५० शाळांत प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. यात संगणक आणि कळफलक एकाच पेटीत, पडदा मात्र वेगळा.

या यंत्राच्या पोटाखाली जोडण्यांची एक रांग होती. तिच्यातल्या एका जोडणीतून दुसरा प्रोसेसर बाहेरून लावता येई. एप्रिल १९८५ मध्ये एकॉर्नच्या अभियंत्यांनी स्वतः आखलेली एक नवी चिप याच जोडणीतून बीबीसी मायक्रोला लावून प्रथम चालवून पाहिली. तिचे नाव एआरएम. आज आपल्या खिशातल्या मोबाइलचा प्रोसेसर याच घराण्यातला आहे. शाळेसाठी बनवलेल्या यंत्राला बाहेर एक दार ठेवले होते म्हणून हे तिथेच करून पाहता आले.

खाच पेटीबाहेर येते

१९९८ साली ॲपलने आयमॅक आणला आणि एकाच पेटीची कल्पना पुन्हा लोकप्रिय झाली. पहिल्या सहा आठवड्यांत २ लाख ७८ हजार आयमॅक विकले गेले. पण मधल्या काळात एक बदल झाला होता. यूएसबी ही प्रमाणित जोडणी आली होती. छापयंत्र असो, कॅमेरा असो की जास्तीची साठवण, सगळे एकाच प्रकारच्या भोकातून बाहेरून जोडता येऊ लागले. जॉब्स आणि वॉझ्निअॅक यांच्या वादातली खाच जणू पेटीच्या आतून बाहेर आली.

नंतर काचेच्या नळीची जागा पातळ पडद्याने घेतली. संगणक पडद्याच्या पाठीत मावू लागला. हजारो व्होल्टचा धोका गेला, पण नवी अडचण आली. जागा वाचवण्यासाठी लॅपटॉपच्या जातीचे भाग वापरले जाऊ लागले, काही मॉडेलमध्ये स्मृती मंडलावरच सोल्डर केलेली असते, आणि पडद्याची काच चिकटवलेली असते. २००९ पासूनचे काही आयमॅक दुसऱ्या संगणकाचा साधा पडदा म्हणून वापरता येत. २०१४ साली आलेल्या ५के पडद्याच्या मॉडेलपासून ही सोय गेली. आतला संगणक जुना झाला, की चांगला पडदाही त्याच्याबरोबर निवृत्त.

थोडे गणित

आता प्रश्नाचे मोजमाप करू. समजा, संगणकाचे पाच मुख्य भाग आहेत: पडदा, वीजपुरवठा, मुख्य मंडल, स्मृती आणि साठवण. प्रत्येक भाग वर्षभरात बिघडण्याची शक्यता शेकडा ५ धरू. हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे. पाचही भाग वर्षभर नीट चालण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७७. वीस संगणकांच्या खोलीत वर्षाला सरासरी चार-पाच यंत्रे अडखळणार.

हे गणित दोन्ही प्रकारांना सारखेच लागू आहे. सुट्या भागांचा संगणक कमी बिघडतो असे नाही. फरक पडतो तो बिघाडानंतर. सुट्या भागांत एकाचा पडदा आणि दुसऱ्याचा वीजपुरवठा गेला, तर शाळेतच त्या दोघांतून एक चालू संगणक उभा राहतो. एका पेटीत तेच करायला कसबी हात आणि वेळ लागतो. बहुतेक वेळा सबंध यंत्र तालुक्याच्या गावी जाते आणि परीक्षा होऊन गेल्यावर परत येते. तेवढे दिवस त्या टेबलावरची मुले शेजारच्या पडद्यात डोकावून पाहत राहतात. संगणकांची संख्या मुळातच कमी असते, तिथे हे नुकसान लहान नाही.

मग काय घ्यावे?

आमचे मत असे. दहा-वीस संगणकांची खोली करायची असेल आणि जवळपास कुणी उघडून दुरुस्त करणारे असेल, तर सुटे भाग घ्यावेत, आणि शक्यतो सगळे एकाच नमुन्याचे. रास्किन यांचा सारखेपणाचा मुद्दा त्यामुळे आपोआप साधतो. एकच संगणक असेल, तो या वर्गातून त्या वर्गात न्यायचा असेल, जागा आणि विजेची बटणे कमी असतील, तर ऑल-इन-वन सोयीचा. मात्र तेव्हा विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. स्मृती आणि साठवण बदलता येते का? आतला संगणक बंद पडला, तर पडदा दुसऱ्या संगणकाला जोडता येतो का? सुटे भाग किती वर्षे मिळतील? उत्तरे तोंडी न घेता दरपत्रकावर लिहून घ्यावीत.

पेट आठवा. तो एकाच पेटीत होता, पण त्याचे झाकण उचलता येत होते. तेव्हा पेट्या एक की दोन, यापेक्षा पेटी उघडते का आणि उघडल्यावर आपल्या हाताला काही करता येते का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

शाळेला याचे आणखी एक कारण आहे. मोडीत निघालेले एखादे कॅबिनेट, विजेपासून पूर्ण तोडून, मुलांसमोर उघडावे. वीजपुरवठ्याची बंद डबी आणि काचेच्या नळीचा जुना पडदा यांना मात्र हात लावू नये. पंखा कुठली उष्णता बाहेर टाकतो, खाचा कुठे आहेत, स्मृतीची पट्टी कशी निघते, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. मग ॲपल-२ च्या आठ खाचांची गोष्ट सांगून विचारावे: तुम्ही किती ठेवल्या असत्या, आणि कशासाठी?