बहिर्‍याची गोष्ट

माझी नात आठवीत आहे आणि सध्या ती एक अद्भुतकथा लिहिते आहे. राक्षस, मंतरलेला डोंगर, सगळा सरंजाम आहे. नायक जन्माचा बहिरा. शेवटी परी येते आणि त्याला ऐकू येऊ लागतं. मी म्हटलं, "बरा कशाला करतेस त्याला?" तर म्हणाली, "आबाजी, नाहीतर गोष्ट संपेल कशी?"

तिचं काय चुकलं? आपल्या गोष्टी कानांवरच उभ्या आहेत. अभिमन्यू आईच्या पोटातून चक्रव्यूह ऐकतो, निम्माच ऐकतो, आणि तिथेच मरतो. दशरथाला घागर भरल्याचा आवाज हत्तीचा वाटतो नि श्रावण जातो. मालू कवीच्या 'नवनाथ भक्तिसारा'त (शके १७४१, म्हणजे इ.स. १८१९) मच्छिंद्रनाथ मासळीच्या पोटातून शंकराचा उपदेश ऐकतात, कानिफनाथ तर हत्तीच्या कानातूनच जन्मतात! आंधळे भेटतात, धृतराष्ट्र आहे, श्रावणाचे आईबाप आहेत. बहिरा नायक मला तरी आठवत नाही.

आमच्या मंडईतल्या नाटकांत मात्र बहिरा असायचा, हसण्यापुरता. 'लग्न कधी?' विचारलं की 'वांगी दोन शेर' म्हणायचा. माझे काकाजी जन्मतः बहिरे. ते पुढेच बसत. तो नट आला की लोक त्याला सोडून काकाजींकडे बघून हसत. काकाजीही हसत, सगळ्यांच्या नंतर.

गोष्टीत जागा नाही, तशी वाटणीतही नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हिस्सा न मिळणार्‍यांची यादी आहे, तीत जन्मांध, जन्मबधिर आणि मुकेही आहेत. अन्नवस्त्र द्यावं, जमीन नाही. इंग्रजी कोर्टांनी हिंदू कायदा म्हणून हेच चालवलं. मुंबईत बहिर्‍या मुलांची शाळा १८८० च्या दशकात निघाली, पण हा नियम हटायला १९२८ साल उजाडलं. त्या वर्षीच्या बाराव्या कायद्याने जन्मापासूनचे वेडे व मतिमंद सोडून बाकीच्यांना हिस्सा दिला. उरलेली अट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने गेली.

आमच्या घरची वाटणी १९६२ ची. मी बारा वर्षांचा होतो, ओसरीवर बसून ऐकत होतो. भाऊ तीन, हिस्से दोन. "त्याला काय करायची जमीन? जेवतो तर आहेच." कायदा बदलून चौतीस वर्षं झाली होती. काकाजी समोरच बसले होते. त्यांना कोणी खुणेनेही सांगितलं नाही.

आणि शेत सगळ्यांत जास्त कळे ते त्यांनाच. धानाच्या बांधीत पाय ठेवला की पाणी कुठून झिरपतंय ते तळपायाला समजे. मग धावत येऊन आवळलेली मूठ दाखवायचे, बोटं पसरून हात खाली सोडायचे. म्हणजे धुरा फुटला.

बोडीखालची बांधी त्यांच्या वाट्याची होती. आज ती माझ्या नावावर आहे. घरचे हे वाचतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

हे सगळं नातीला सांगितलं. तिने परी खोडली. आता डोंगर आतून फुटतोय हे नायकाला तळपायांनी कळतं, इथवर गोष्ट आली आहे. गावाला तो कसं सांगेल यावर अडली होती. काल धुरा फुटल्याची खूण तिने माझ्याकडून दोनदा करून घेतली.