वाकड्या नळीची बंदूक

१७४०च्या दशकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगून गोळी झाडली. कागदांवरील छिद्रांनी विलक्षण हकिकत सांगितली. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग वळत वळत उजवीकडे!

हे घडणार, असे भाकीत रॉबिन्सने आधीच केले होते. वाकणाशी गोळी नळीच्या उजव्या बाजूला घासते, त्यामुळे स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूस ढकलते. (ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तो याच कारणाने.) साध्या बंदुकीची गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे; ती आत आपटत कोणत्याही अक्षाभोवती फिरत बाहेर पडे. नेम चुके तो बहुधा यामुळे, सैनिकाच्या हातामुळे नव्हे.

मग उपाय काय? फिरणे थांबवायचे नाही, त्याचा अक्ष ठरवायचा. नळीत मळसूत्री खाचा असतील, तर गोळी प्रवासाच्या दिशेच्याच अक्षाभोवती फिरते आणि तिला बाजूला ढकलणारे बळ उरत नाही. १७४७मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे मांडताना त्याने गोळी अंडाकृती करण्याचेही सुचवले. लांबट गोळी न फिरता सुटली तर हवेत कोलांट्या खाते. फिरत सुटली तर भोवऱ्यासारखी स्थिर राहते.

आता ऑयलरकडे वळू. या थोर गणितज्ञाने १७४५मध्ये रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, मूळ ग्रंथाहून कितीतरी मोठ्या टीपांसह. मात्र गोळीच्या वळण्याचा दोष त्याने तिच्या ओबडधोबड घडणीवर टाकला. प्रयोग रॉबिन्सच्या बाजूने होता, वजन ऑयलरच्या नावाला होते. पुढे १८५२च्या सुमारास बर्लिनच्या मॅग्नसने हाच विषय पुन्हा तपासला आणि परिणामाला नाव मिळाले मॅग्नसचे. मला हा अन्यायच वाटतो.

रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले सुधारण्यासाठी १७५०मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढल्याच वर्षी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

त्याची कल्पना सैन्यात रुजायला शंभर वर्षे लागली. खाचांत घट्ट बसणारी गोळी ठोकून भरावी लागे, यात वेळ जाई. १८४९च्या सुमारास फ्रेंच अधिकारी मिनिए याने पोकळ बुडाची, टोकदार गोळी पुढे आणली. ती सैल आत जाई आणि बार उडताच फुगून खाचांत रुतून बसे. याच तत्त्वावरची १८५३ची एन्फिल्ड रायफल कंपनीच्या फौजेत आली. तिचे कागदी काडतूस नळीत सहज सरकावे म्हणून त्याला वंगण लागे. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही वार्ता जानेवारी १८५७मध्ये दमदमच्या छावणीतून पसरू लागली.